बिल्डर कोण?

"इथे बिल्डर कोण?" तपासणीला आलेल्या पिंपळापुरेसाहेबांनी विचारलं.

रणधीर इंगवलेनं खिशातून सोनेरी काठाचं कार्ड काढून त्यांच्या हातात ठेवलं. "मीच की. इंगवले बिल्डर्स. कोल्हापुरात कुणालाबी विचारा."

साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "घरांचं नाही विचारत हो मी. या विमानाचा बिल्डर कोण?"

"त्याचाबी मीच." तो माझ्याकडे बघून हसला. "ही आमची सुनेत्रा. हिनं मदत केली. काय गं?"

माळावरच्या त्या शेडमध्ये रणधीरच्या ऑफिसातली पाच-सहा माणसं हात बांधून उभी होती. मध्ये ते पांढरं, दोन माणसांचं छोटं विमान. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"हो साहेब," मी म्हणाले. "दादाच बिल्डर."

इतकी वर्षं झाली, पण आयुष्यात दुसरं कुठलं वाक्य मी इतक्या आनंदानं उच्चारलेलं नाही.

हा रणधीर माझ्या वडिलांचा स्नेही. वडील गेल्यावर उद्यमनगरातला आमचा वर्कशॉप मी चालवायला घेतला. मेकॅनिकलची पदवी होती, लेथवर हात बसलेला होता आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं बाईच्या हातचं काम म्हणून नाकं मुरडायची, तेव्हा यानंच त्याच्या साइटवरच्या मशीनची कामं माझ्याकडे पाठवली. खोटं कशाला बोलू, तेव्हा तो माझ्यासाठी 'रणधीरदादा' होता, आणि तोंडावरच नव्हे, मनातल्या मनातही मी त्यांना 'अहो' म्हणायचे. म्हणून थोडा वेळ तसंच सांगते.

दादांना विमानाचा नाद होता. त्यांनी एक जुनं, कंपनीत तयार झालेलं विमान घेऊन माळावरच्या धावपट्टीवर ठेवलं होतं. त्याला ते 'कारखान्याचं विमान' म्हणत. आता आमच्याकडे कारखाना म्हटलं की साखरेचाच, त्यामुळे लोक हमखास विचारायचे, "कुठल्या कारखान्याचं? चेअरमन कोण?" दादा वैतागायचे. पण त्याहून जास्त वैतागायचे ते नियमांवर.

नियम सोप्या शब्दांत सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. निदान तेव्हा आम्हाला लागू होते ते असे. कंपनीत तयार झालेलं विमान घेतलंत तर तुम्ही त्याचे मालक, डॉक्टर नव्हे. चाकात हवा भरा, तेल बदला, दिवा बदला, सीटला कव्हर शिवा. त्यापुढे पाना लावायचा तर परवान्याचा इंजिनिअर हवा आणि कागदावर त्याची सही हवी. दादांनी एकदा आपल्या हातानं ब्रेकचा बोल्ट आवळला. त्यांचा हात जड, बोल्टचे आटेच गेले. पुण्याहून इंजिनिअर आला, त्यानं बोल्ट पाहिला, दादांकडे पाहिलं, आणि विमान कित्येक आठवडे जागेवरून हललं नाही.

"माझं विमान, माझा पाना, आणि मीच हात लावायचा नाही?" ते माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन तणतणले. "ही कुठली मालकी म्हणायची?"

"मग किटचं घ्या," मी म्हणाले.

किटचं विमान खोक्यांतून येतं. सांगाडा, पत्रे, नळ्या, केबली, सगळं सुटं. ज्यानं निम्म्याहून जास्त काम स्वतःच्या हातानं केलं, त्याला त्या एका विमानाच्या दुरुस्तीचा आणि दरवर्षीच्या तपासणीच्या सहीचा हक्क मिळू शकतो. मालकाला नाही, बांधणाऱ्याला. विमान उद्या विकलं तरी तो हक्क विकत घेणाऱ्याकडे जात नाही.

दादांनी हे कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "सुनेत्रा, विमान मी आणतो. बांधतेस तू. नाव तुझं लागू दे बिल्डर म्हणून, विमान माझ्या मालकीचं. जन्मभर तूच सांभाळ."

मला उडायची फारशी हौस नव्हती. पण ते शेवटचं वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. आमच्या धंद्यात वस्तू घडवायची आणि टेम्पोत घालून पाठवून द्यायची, पुढे तिचं काय झालं ते कळत नाही. इथे एक वस्तू अशी असणार होती की जिला माझ्याशिवाय कुणी पाना लावायचा नाही. ती सही मला हवी होती. फक्त ती.

दोन-अडीच वर्षं गेली त्यात. दिवसभर वर्कशॉप, संध्याकाळी आणि रविवारी माळ. शेडमध्ये उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की ओलं फडकं टाकून हात लावावा लागे. पत्रे जोडणारे रिव्हेट मारून मारून माझं उजवं मनगट कायमचं सुजकं झालं. दादा अधूनमधून पाहुण्यांना घेऊन यायचे, हातात रिव्हेटची बंदूक धरून फोटो काढून घ्यायचे आणि जायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. हौशी माणूस, म्हणायचे मी.

पुण्याहून आणलेल्या एका कॅप्टननी विमान पहिल्यांदा उडवलं. माळावर घिरट्या घालून ते अलगद खाली आलं, तेव्हा मी शेडच्या मागे जाऊन पोटभर रडले.

पुढच्या रविवारी तिथे मांडव पडला. 'करवीरच्या मातीतलं विमान' असा फलक लागला, पत्रकार आले, हलगी वाजली. दादांना कोल्हापुरी फेटा बांधला. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "अडीच वर्षं सुखानं झोपलो नाही मंडळी. एकेक रिव्हेट ह्या हातानं मारलाय." आणि अंगठ्या घातलेला हात वर करून दाखवला. टाळ्या पडल्या. "आणि आमच्या सुनेत्रानं लई मदत केली. पाना दे म्हटलं की पाना दिला. तिचाबी सत्कार झाला पाहिजे." मग त्यांच्या पत्नी वैजयंतीवहिनींनी मला पुढे बोलावून माझी ओटी भरली आणि मोरपंखी रंगाची साडी-चोळी दिली. मी पँट-शर्टात, नखांत ग्रीस, आणि पदर नसलेल्या बाईची ओटी कशात घालावी हे त्या बिचाऱ्या माउलीला कळेना. लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मांडव उठल्यावर मी दादांना गाठलं. "सहीच्या हक्काच्या अर्जात बिल्डर म्हणून नाव कुणाचं घातलंय?"

"माझं."

"आपलं ठरलं होतं."

"अगं, घर गवंडी बांधतंय, पण 'मी घर बांधलं' असं कोण म्हणतंय? मालकच म्हणतंय की. जगाची रीत आहे ती." मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "आणि उद्या तू लग्न करून गेलीस कुठंतरी, मग मी सही कुणाची घेत फिरू?"

त्या क्षणापासून तो माझ्यासाठी 'तो' झाला. तोंडानं मी दादाच म्हणत राहिले, पण मनातलं 'अहो' त्या मांडवात गळून पडलं.

दुसऱ्या दिवशी शेडला नवं कुलूप होतं. रखवालदार खाली बघून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, विचारल्याबिगर उघडायचं नाही." माझी हत्यारांची पेटी त्यानं बाहेर आणून ठेवली होती, पुसून, नीट. ती उचलून मी घरी आले आणि जेवण गेलं नाही. तक्रार करता आली असती. पण मला न्याय नको होता. त्यानं माझं काम तोंडानं खाल्लं होतं. ते त्याच्या तोंडातूनच बाहेर काढायचं होतं, चारचौघांत.

संधी त्यानंच आणून दिली. बिल्डरचा हक्क मिळायच्या आधी अधिकारी येऊन बघणार, अर्जदारानं खरंच बांधलंय का. ज्यांनी मदत केली त्यांनीही हजर राहावं, असं कळवलं होतं. रणधीर पेढे घेऊन वर्कशॉपमध्ये आला.

"साहेबांनी विचारलं तर सांग, दादांनीच बांधलं म्हणून. सांगशील न्हवं?"

"सांगेन की."

तो सुखावला. स्टूल ओढून बसला. "काय काय विचारतील गं?"

"पुस्तक पाठ करा," मी म्हणाले. "किटबरोबर आलेलं. सगळं आहे त्यात."

"सगळं?"

"खोक्यांतून जे जे आलं ते सगळं."

मी खोटं बोलले नाही. त्यानं नीट ऐकलं नाही, एवढंच.

तपासणीच्या सकाळी मी कपाट उघडलं, मोरपंखी साडी काढली आणि नेसले. केसांत गजराही माळला. आई बघतच राहिली. "कुणाचं लग्न आहे गं?" "आहे एकाचं," मी म्हणाले आणि निघाले.

तर तिथे, त्या शेडमध्ये, "दादाच बिल्डर" असं मी म्हणाले, आणि पिंपळापुरेसाहेबांनी तोंडात सुपारीचं खांड टाकलं. नागपूरकडचा माणूस, अंगानं किडकिडीत, बोलणं संथ.

"छान. मग वर्षाची तपासणी करता तशी करून दाखवा न. मी नुसता बघतो."

रणधीरनं बाह्या सरसावल्या. आणि खरं सांगते, मला घाम फुटला, कारण पठ्ठ्यानं पुस्तक अगदी मुखोद्गत केलं होतं. इंजिनावरचं आवरण सोडवलं, एकेक भागाचं नाव घेतलं. कुठली नळी कधी बदलायची, कुठला बोल्ट किती आवळायचा, घडाघडा सांगितलं. त्याची माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागली. साहेबसुद्धा 'हं, हं' करायला लागले. माझ्या मनात आलं, आता हा खरंच पास होतो आणि आपण मूर्ख ठरतो.

"रडरची केबल दाखवा," साहेब म्हणाले. "शेपटीचं सुकाणू जिच्यावर चालतं ती. मधला जोड बघू द्या."

"हे बघा की." त्यानं डाव्या बाजूची सीट सोडवून बाहेर काढली. पुस्तकात लिहिलंय, सीटखाली झाकण, झाकणाला सहा स्क्रू, झाकणाखाली केबल.

सीटखाली गुळगुळीत पत्रा होता. ना झाकण, ना स्क्रू.

त्यानं पत्र्यावरून हात फिरवला. बोटांनी वाजवून पाहिलं. उजवी सीट काढली. तिथेही तेच.

"इथं झाकण होतं," तो म्हणाला.

"होतं म्हणजे?"

"म्हणजे... असतंय."

"पुस्तकात असेल," साहेब म्हणाले. "विमानात काहून नाही?"

तो पत्रा खोक्यातून आला तोच वाकून आला होता. मी आमच्या वर्कशॉपमध्ये नवा कापला, आणि झाकण सीटखाली न ठेवता मागे, सामानाच्या कप्प्याच्या तळाशी केलं, कारण तिथून हात सरळ जोडापर्यंत पोचतो. बांधणाऱ्याला एवढी मुभा असते. वर गालिचा अंथरला होता. हे काम झालं तेव्हा 'एकेक रिव्हेट मारणारा' आमचा बिल्डर महाबळेश्वरला हवा खात होता.

रणधीरच्या तोंडचं पाणी पळालं. फेटा नसलेलं त्याचं डोकं घामानं चमकत होतं. "सुनेत्रा," तो हलकेच म्हणाला, "अगं झाकण कुठाय?"

"मला काय ठाऊक दादा? तुम्ही बांधलंय."

कुणीतरी मागे खोकलं. रणधीरनं पेचकस उचलला आणि पत्र्याच्या कडेत खुपसायला लागला. पत्रा करकरला. तो आवाज माझ्या दातांत गेला, पण मी जागची हलले नाही.

साहेबांनी त्याचा हात धरला. "राहू द्या. इंगवलेसाहेब, तुम्ही घरं बांधता. आपल्या घराचा दरवाजा कुठे आहे हे माणूस विसरतो का? खरं सांगा. विमान बांधलं कोणी?"

रणधीरनं त्याच्या माणसांकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते. मग त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"हिनं."

"जरा मोठ्यानं."

"हिनं बांधलंय. सगळं. मी नुसता फोटोला यायचो."

अडीच वर्षांचा शीण एका झटक्यात उतरला. सूड गोड असतो की नाही ते इतरांनी ठरवावं. मला तर त्या दिवशी गुळासारखा लागला.

पिंपळापुरेसाहेब माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "मॅडम, या. केबल दाखवा. दाखवलीत की हा अर्ज मी रद्द करतो, आणि तुमच्या नावानं नवा करू. सही तुमची."

सही माझी. तीन पावलं पुढे जायचं, कप्प्यातला गालिचा उचलायचा. रणधीरही आता आशेनं बघत होता. त्याला कळलं होतं, नाव गेलं तरी विमान उडेल. मालक तो होताच. मी त्याच्या चेहऱ्यावरची ती आशा पाहिली, आणि माझं ठरलं.

"साहेब, मी कुठे बांधलंय?" मी म्हणाले. "मी पाना दे म्हटलं की पाना दिला. त्याची ही साडी-चोळीपण मिळाली मला." पदर जरा पुढे करून दाखवला. "आणि अशी साडी नेसून विमानात कसं शिरणार?"

"सुनेत्रा!" रणधीर ओरडला. "अगं वेड लागलं का तुला? माझं राहू दे, तुझं विमान आहे ते!"

"माझं?" मी म्हणाले. "मग कुलूप कुणाचं आहे?"

साहेबांनी फाइल बंद केली. जीपपर्यंत मी त्यांच्यासोबत चालत गेले. दार उघडताना ते म्हणाले, "बाई, मला कळलं सगळं. पण विमानाचा काय दोष?"

"काहीच नाही."

"मग काहून अडून बसल्या? तुमचंच नुकसान आहे न."

"साहेब, माझ्या सहीवर ते वर जाणार, आणि खाली उतरून तो चार लोकांना सांगणार, मी बांधलं. दरवर्षी. मी जिवंत असेपर्यंत."

त्यांनी सुपारीची डबी माझ्यापुढे धरली. मी एक खांड घेतलं. जीप गेली.

विमान मग पुन्हा उडलंच नाही. ज्याचा बांधणारा कोण ते कागदावर लागत नाही, त्याची जबाबदारी घ्यायला कुठलाही इंजिनिअर तयार होईना. ज्याला ज्याला रणधीरनं बोलावलं, तो विचारायचा, आत कुणाचं काम आहे? आणि त्याला सांगता यायचं नाही. दोन-तीनदा त्यानं माझ्याकडे माणूस पाठवला. मी चहा पाजून परत पाठवला. गावात त्याला 'झाकण' म्हणायला लागले. कुणी सुरू केलं देव जाणे. मी नाही केलं, पण ऐकलं की हसायचे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तो स्वतः आला. थकलेला दिसला. बायपासला त्याची नवी स्कीम होत होती, तिच्या कमानीवर त्याला ते विमान चढवायचं होतं, शोभेला. ट्रकवर घालायला पंख सोडवायला हवे होते, आणि त्याच्या माणसांना ते सुटत नव्हते. एकानं घण घातला होता.

"घण?" मी विचारलं.

"म्हणून तर आलोय. तुझ्याशिवाय कुणाला सुटायचं नाही ते."

मी पेटी घेतली आणि गेले. पँट-शर्टात. शेडचं दार सताड उघडं होतं. विमानावर धूळ, चाकं बसलेली, डाव्या पंखाच्या मुळाशी घणाचा खळगा. मी आधी सामानाच्या कप्प्यातला गालिचा उचलला, झाकण काढलं, तिथूनच जाणाऱ्या पंखांच्या केबली सोडवल्या. रणधीर शेजारी उभा राहून बघत होता. झाकण बघून त्यानं मान वळवली.

डावा पंख सुटून माणसांच्या हातात आला, तेव्हा मला आवरलं नाही. मी तिथेच, सगळ्यांदेखत रडले.

"बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुना रणधीरदादा आला. "आता तुझंच तुला वाईट वाटायला लागलं. तवा एक शब्द बोलली असतीस तर..."

त्याला वाटलं, मला पस्तावा झाला. विमानाचं वाईट वाटत होतं, जिवाला लागेल इतकं वाटत होतं. पस्तावा कसला? तीच वेळ पुन्हा आली असती तर तीच साडी मी पुन्हा नेसले असते.

मी बाहीनं डोळे पुसले. त्याची माणसं डावा पंख ट्रककडे घेऊन गेली होती.

"दादा, उजव्या पंखाला खालून खांदा द्या," मी म्हणाले. "बोल्ट निघाला की वजन खाली येईल. कुणीतरी धरायला हवं."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. पांढऱ्या झब्ब्यावर ग्रीस लागू नये म्हणून अंग चोरत तो वाकला आणि पंखाखाली खांदा लावून उभा राहिला. मी बोल्ट ढिला केला. सगळं वजन त्याच्यावर आलं.

"लवकर कर गं," तो म्हणाला.

मी पाना पुसला, पुन्हा लावला, आणि तो बोल्ट अगदी सावकाश काढला.